जूनमधले कार्दों

मस्यू थेव्हने यांच्या अहवालातली चूक मला मंगळवारी सापडली. मार्गदर्शिका शुक्रवारी दुपारी बाराला छापखान्यात जायची होती.

मी स्वादशास्त्र शिकले आहे. जिभेला आणि नाकाला काय कळतं, किती कळतं, आणि माणूस ते शब्दांत सांगतो तेव्हा त्यावर किती विश्वास ठेवायचा, याचा हा अभ्यास. पदवी मिळाल्यावर मला मार्गदर्शिकेच्या कचेरीत नोकरी लागली. ल्यों शहरातली एकशे बारा रेस्टॉरंटं आमच्या पुस्तकात असतात. त्यांतल्या बहुतेकांच्या नावापुढे तांब्याची पातेली छापलेली असतात, एक, दोन किंवा तीन. तीन पातेली फक्त नऊ जणांना आहेत. परगावाहून आलेला माणूस किंवा लग्नाचा वाढदिवस साजरा करणारं जोडपं आधी पातेली मोजतं आणि मग टेबल राखायला फोन करतं. हे बरोबर आहे का, हा वेगळा प्रश्न. पण तसं घडतं खरं.

आमचे परीक्षक पाच. त्यांचे गुण तपासायचे हे माझं काम. माणूस थकतो, एखाद्या जागेवर रुसतो, एखाद्या जागेच्या प्रेमात पडतो, आणि त्याचे गुण त्याच्या नकळत सरकत जातात. म्हणून प्रत्येकाला दरवर्षी दोन-तीन ठिकाणी महिन्याभरात पुन्हा पाठवतात आणि दोन्ही वेळच्या गुणांत किती फरक पडला ते बघतात. मस्यू एमे थेव्हने यांचा फरक एकोणतीस वर्षं वीसपैकी अर्ध्या गुणाच्या आत राहिला होता. इतका स्थिर माणूस मी पुस्तकातसुद्धा पाहिला नव्हता. या वर्षी तो फरक तीन झाला होता, एका ठिकाणी चार. मला वाटलं, आकडे भरताना माझंच काहीतरी चुकलं असेल. म्हणून मी त्यांचे मूळ अहवाल वाचायला घेतले.

नववा अहवाल ल्युदिव्हिन गोने यांच्या रेस्टॉरंटचा होता. क्र्वा-रूसच्या चढावर, पूर्वी रेशमाचे माग होते तशा उंच छताच्या एका खोलीत सात टेबलं. गेल्या वर्षी साडेसतरा गुण आणि तीन पातेली. माझ्या पदवीच्या दिवशी आईने मला तिथेच जेवायला नेलं होतं, आणि आई, जी कुठल्याच जेवणाला बरं म्हणत नाही, ती त्या दिवशी गप्प बसून जेवली होती. बारा जूनच्या रात्रीच्या जेवणाला मस्यू थेव्हने यांनी अकरा गुण दिले होते. अकरा म्हणजे एक पातेलं. खाली त्यांच्या नेहमीच्या नेटक्या वाक्यांत कारण लिहिलं होतं: "मज्जेबरोबर दिलेले कार्दों निष्काळजीपणे सोललेले आहेत. दोरे दातांत अडकतात. कडवटपणा उकळून काढण्याचे कष्ट घेतलेले नाहीत."

कार्दों ही आमच्याकडे नाताळची भाजी. जाड, रुपेरी देठांची. मे महिन्यात पेरतात, शरदात उन्हापासून झाकून पांढरी करतात, आणि डिसेंबरात बैलाच्या हाडातल्या मज्जेबरोबर भट्टीत लावतात. ल्योंमधल्या कुठल्याही घरी नाताळाला पाहुणे आले की ती असतेच. जून महिन्यात कार्दों जेमतेम बोटभर उंचीचे असतात.

मी तो कागद घेऊन मादाम पेराशों यांच्याकडे गेले. मार्गदर्शिका त्यांच्या वडिलांनी सुरू केली, आता त्या चालवतात.

"जूनमध्ये कार्दों म्हणजे बरणीतले," त्या वर न बघताच म्हणाल्या. "मी हे जुलैतच वाचलंय. दारावर तीन पातेली टांगायची आणि आत बरणी उघडायची. एमेने अकरा दिले हा त्याचा मोठेपणा. मी पाचावर थांबले असते."

"पण बरणीतले असते तर कडू लागले नसते, मादाम."

"का बरं?"

"कडवटपणा पाण्यात उतरतो. बरणीत सहा महिने पडलेले देठ मऊ होतात आणि जरा आंबट लागतात, कारण ते टिकावेत म्हणून लिंबाचं आम्ल घालतात. इथे तर दोरे आहेत आणि कडवटपणा आहे. हे ताज्या कार्दोंचं वर्णन आहे. डिसेंबरातल्या."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे ती बाई जूनमध्ये डिसेंबरातली भाजी पिकवते?"

"म्हणजे त्या ताटात कार्दों नव्हतेच, असं मला वाटतं."

"सिदोनी, विद्यापीठाने तुला तक्ते दिले. एमेला देवाने जीभ दिली आहे. एकोणतीस वर्षांत इथे कुणी त्याचा स्वल्पविरामसुद्धा हलवलेला नाही."

"मी त्यांनाच विचारून येऊ का?"

"विचार की. पण शुक्रवारी बारानंतर मला कुठलाही आकडा हललेला चालणार नाही. आणि त्या बाईला फोन करायचा नाही. रेस्टॉरंटशी आपण बोलत नाही."

तीनवरून एकावर येणं म्हणजे काय ते मी कचेरीतल्या पहिल्या वर्षातच पाहिलं होतं. एका दोन पातेल्यांच्या जागेचं एक पातेलं गेलं. नाताळापर्यंत त्यांनी माणसं कमी केली, आणि ईस्टरला दारावर बंद झाल्याचा कागद होता. ल्युदिव्हिन गोने यांची दोन जाणार होती, तीही त्यांनी कधी न रांधलेल्या भाजीसाठी.

थेव्हने नवरा-बायको व्हेझमध्ये राहतात, सोन नदीकडे तोंड असलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दार मारिनेतबाईंनी उघडलं. बुटकी, टापटीप, सत्तरीच्या पुढची बाई. मी नाव सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तुम्ही खाली कोपऱ्यावरच्या बेकरीत थांबलात. आज त्याने ब्रिओश तळाला लावलंय."

ते खरं होतं. तो लोण्याचा गोडसर पाव मी अर्धा जिन्यातच संपवला होता आणि त्याचा तळ करपलेला होता.

"कोण आहे?" आतून मस्यू थेव्हने यांचा आवाज आला. मग ते स्वतः आले, घरात असूनही टाय लावलेले. "अरे, तू. तक्ता घेऊन आलीस, पोरी, की भूक?"

"तक्ता."

"मग बस. भुकेल्यांना मी उभ्यानेच काहीतरी देतो. तक्तेवाले लवकर जात नाहीत."

मारिनेतबाई खिडकीजवळ जाऊन बसल्या. मी अहवाल टेबलावर ठेवला आणि त्या तीन वाक्यांवर बोट ठेवलं. "मस्यू थेव्हने, जूनमध्ये कार्दों कुठून आले?"

ते कागदाकडे बघत राहिले. उत्तर खिडकीजवळून आलं.

"बूव्हियेकडचे ना? कच्चेच होते. मी त्याला म्हटलंसुद्धा, साल नीट ओढून काढ, बाबा, दोरे राहतात. तो नुसता हसला. पितो हल्ली. कालसुद्धा पिऊनच होता."

बूव्हिये नावाचा आचारी आमच्या यादीत नव्हता. मस्यू थेव्हने उठले आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. दार लोटून घेतलं.

"बूव्हिये सत्त्याण्णव साली वारला," ते म्हणाले. "जागा तीच. चढावरची, उंच छताची. मधे एक चपलांचं दुकान होतं तिथे. मग गोनेबाईंनी घेतली."

मला कळायला दोन क्षण लागले. "म्हणजे तुम्ही गेला होतात. जेवलात. पण जे लिहिलंत ते..."

"तिने सांगितलं ते लिहिलं. नेहमी तेच लिहिलंय." त्यांनी नळ सोडला, पेला विसळला, पुन्हा विसळला. "मी वर्तमानपत्रात होतो. वाक्यं बरी जमायची म्हणून म्हाताऱ्या पेराशोंनी मला घेतलं. माझी जीभ सामान्य आहे, पोरी. मीठ कमी, मीठ जास्त. पहिल्या महिन्यात मी एकटाच जेवायला जायचो, तर वेटर लोक लगेच ओळखायचे. एकटा माणूस, हातात पुस्तक नाही, प्रत्येक घास चावून खातोय. पेराशों म्हणाले, बायकोला ने, जोडप्याकडे कुणी बघत नाही. नेली. त्या रात्री घरी येऊन ती बोलायला लागली आणि मी उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेराशोंनी मला मिठी मारली."

"मादाम पेराशोंना हे माहीत आहे?"

"फॉर्मवर असतंच की. सोबतची व्यक्ती, एक."

आमचे नियम मला पाठ आहेत, कारण नव्या परीक्षकांना ते मीच वाचून दाखवते. टेबलावर टिपण करायचं नाही. फोटो काढायचा नाही. जेवणाबद्दल टेबलावर बोलायचंही नाही, शेजारच्या टेबलावर किंवा वेटरच्या कानावर जाऊ शकतं. अहवाल त्याच रात्री घरी पोचल्यावर लिहायचा. आणि परीक्षक ओळखला गेला तर ती भेट रद्द.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या नाताळापासून. आधी नावं जायची, तारखा जायच्या. नंतर ताटं बदलायला लागली. टॅक्सीत बसतो तेव्हा एक जेवण असतं आणि घरी उतरतो तेव्हा दुसरंच. तेही खरं असतं, नुसतं जुनं असतं."

"पण तुम्ही समोर बसलेले होतात. तुम्ही काय खाल्लं ते तुम्हाला माहीत होतं."

"मासा होता. वाटाणे होते. चांगलं होतं."

"मग कार्दों का लिहिलेत?"

त्यांनी पेला पुन्हा नळाखाली धरला. नळ चालूच होता, तो मी बंद केला.

"एकोणतीस वर्षांत मी तिचा एक शब्द खोडलेला नाही," ते शेवटी म्हणाले. "आमचं तसं ठरलेलंच होतं. आता एक खोडला, की पुढचा कुठला ठेवू? आणि खोडणारा मी कोण? मला कळतं ते फक्त 'चांगलं होतं'. तेवढंच लिहून पाठवलं असतं, तर मादाम पेराशोंनी मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. मग ही पण घरी बसली असती. टेबलावर पहिलं ताट येतं ना, तेव्हा ती सरळ बसते. घरी तिला तसं बसलेलं पाहायला मिळत नाही मला."

"गोनेबाईंची दोन पातेली जातायत."

"माहीत आहे मला. तू हा एक दुरुस्त कर. तुझ्या तक्त्यात काहीतरी निघालं म्हण. बाकीचे राहू देत. बाकीच्यांत कुणाचं नुकसान झालेलं नाही."

"ते तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी पेला पुसायला घेतला. त्याचं उत्तर मला तिथे, त्या घरात, शोधायचं नव्हतं. मी सोपा प्रश्न घेतला. मारिनेतबाईंना चव चुकीची लागते, की बरोबर लागून नंतर हरवते? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिओशबद्दल तर त्या बरोबर होत्या.

"टेबलावर त्या काय म्हणतात?"

"टेबलावर बोलायचं नसतं."

"कधी चुकून?"

"कधी कधी पुटपुटते. बरोबर वाटतं. पण मला वाटून काय उपयोग?"

मी गुरुवारच्या दुपारचं टेबल राखलं, आईच्या माहेरच्या नावाने, तिघांसाठी. कुणीतरी आयत्या वेळी रद्द केलं होतं म्हणून मिळालं. मादाम पेराशोंना मी सांगितलं नाही. मी परीक्षक नव्हते, माझ्या मताला तिथे काही किंमत नव्हती, आणि एका रेस्टॉरंटला वर्षात दुसरी भेट द्यायची तर आधी त्यांची सही लागते. पण गुरुवारनंतर लगेच शुक्रवारच होता आणि मला दुसरं काही सुचलं नाही.

गुरुवारी मारिनेतबाई निळा झगा घालून आल्या. खुर्चीवर बसेपर्यंत त्यांनी मला दोनदा "तुम्ही कुणाच्या?" म्हणून विचारलं. मग पिवळ्या टोमॅटोचं गार सार आलं, उथळ वाटीत, वर हिरव्या तेलाचे चार थेंब. त्यांनी चमचा नाकाजवळ नेला, थांबल्या, आणि खरंच ताठ बसल्या.

"वर्बेना," लिंबाच्या वासाच्या त्या पाल्याचं नाव घेत त्या हळूच म्हणाल्या. "पण पानं तेलात तापवलेली नाहीत, नुसती ठेचून ठेवलीयेत. तापवली असती तर साबणासारखी लागली असती. मीठ शेवटी घातलंय. छान केलंय."

मस्यू थेव्हने सवयीने इकडे तिकडे बघायला लागले. मी मनगटावरच्या घड्याळात बघितलं, बारा वाजून बावीस मिनिटं. मी वेटरला सहज विचारल्यासारखं विचारलं की हे तेल कसं करतात. तरुण मुलगी होती. म्हणाली, "नुसती पानं ठेचून, मादमोझेल. शेफ ते तापवू देत नाहीत. आम्हाला हात दुखेपर्यंत ठेचायला लावतात."

वाट्या गेल्या. आम्ही हवेबद्दल बोललो, नदीच्या पाण्याबद्दल बोललो. बारा चाळीसला मी विचारलं, "सार कसं होतं, मादाम?"

"सार?" मारिनेतबाईंनी जरा आठवून बघितलं. "कांद्याचं ना? वरचं चीज जळलं होतं."

अठरा मिनिटं. मस्यू थेव्हने यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. मला वाटतं, इतक्या महिन्यांत त्यांनी हे कधी मोजून बघितलं नव्हतं. मोजल्यावर दिसलं ते असं होतं की चव शाबूत होती आणि आमचा नियमच ती घालवत होता. टेबलापासून घरापर्यंतचा वेळ तिला झेपत नव्हता.

दुसरं ताट आलं. गिनी कोंबडी, भोवती लहान पिवळ्या अळंब्या, थोडासा पातळ सॉस. मारिनेतबाईंनी एक घास घेतला, मग दुसरा, मग सॉसला नुसता पाव लावला.

"व्हिनेगर नाही हे," त्या म्हणाल्या. "कच्ची द्राक्षं पिळलीयेत. आज सकाळचीच. कालची असती तर तांब्यासारखी चव आली असती. अळंब्या लोण्यात नाही परतल्या, हिच्याच चरबीत परतल्यात, म्हणून जड वाटत नाहीत. मांडीचा तुकडा अर्धा मिनिट जास्त झालाय. छातीचा नाही. दोन्ही वेगवेगळे काढले असते तर बरं झालं असतं."

"पेन्सिल आहे का तुझ्याकडे?" मस्यू थेव्हने यांनी मला विचारलं.

"इथे?"

"दे."

मी दिली. त्यांनी जेवणाची यादी उलटी केली आणि पांढऱ्या बाजूवर लिहायला लागले, सगळ्यांसमोर, सावकाश, अक्षर न अक्षर. त्या काय म्हणाल्या ते, त्याच क्रमाने. मधे एकदा विचारलं, "तांब्यासारखी म्हणालीस ना?" मारिनेतबाई म्हणाल्या, "तांब्यासारखी. गंजलेल्या नाही, घासलेल्या." त्यांनी तेही लिहिलं.

मघाची मुलगी पाणी घेऊन आमच्या टेबलाकडे निघाली होती, ती मधेच वळली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथला आवाज थांबला. कुठल्याही स्वयंपाकघरात भर दुपारी आवाज थांबत नाही. यानंतरची ताटं आमच्यासाठी सजवून येणार होती. त्यांचा आता उपयोग नव्हता. आणि या भेटीचाही नव्हता.

शेफ बाहेर आल्या. चाळिशीच्या, आखूड केसांच्या, उजव्या हातावर भाजल्याची जुनी खूण.

"लोक इथे फोटो काढतात, मस्यू," त्या म्हणाल्या. "लिहीत कुणी नाही."

"लिहितात ते आम्ही. खरं तर आम्हीही लिहायचं नसतं." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "माझं नाव एमे थेव्हने. जूनमध्ये मी इथे येऊन गेलो आणि तुमच्याबद्दल लिहिलं. तुम्ही कधी केलेली नव्हती अशा भाजीबद्दल. कार्दोंबद्दल."

"जूनमध्ये."

"हो."

"माझ्या टेबलावर कार्दों." ल्युदिव्हिन गोने यांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. "माझ्या आईने ऐकलं असतं तर तुम्हाला खराट्याने चढाच्या खालपर्यंत पोचवलं असतं."

"त्यांचं काही चुकलं नसतं."

"किती दिले?"

"अकरा."

शेजारच्या टेबलाची एक खुर्ची ओढून त्या बसल्या. जेवणाच्या वेळेत शेफ बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मस्यू थेव्हने यांनी काहीच लपवलं नाही. नाताळापासूनचं सगळं सांगितलं, बायकोच्या समोर, खाली मान घालून, वाक्यं मुळीच न सजवता. मारिनेतबाई पावाचे तुकडे सॉसला लावत होत्या.

"तू बूव्हियेची मुलगी का गं?" त्यांनी मधेच विचारलं.

"नाही, मादाम. मी त्यांना कधी पाहिलंही नाही."

"तुझा हात त्याच्यापेक्षा हलका आहे."

ल्युदिव्हिन गोने थोड्या वेळाने मस्यू थेव्हने यांच्याकडे वळल्या. "अशी किती ठिकाणं?"

"चौदा. तुमचं धरून."

"बाकीच्या तेरांना कोण सांगणार आहे?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. टाय लावलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो प्रश्न विचारून काही होणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. मी एका जागेसाठी इथे आले होते, आणि दोन दिवस मी स्वतःला तेवढंच सांगत होते.

"मी," मी म्हणाले.

मस्यू थेव्हने यांनी मान डोलावली. "तुला सांगावंच लागेल," ते म्हणाले. मग उलटी केलेली यादी घडी घालून माझ्या हातात दिली.

शुक्रवारी सकाळी नऊला मी मादाम पेराशोंच्या टेबलावर ती घडी, जूनचा अहवाल आणि चौदा नावांचा कागद ठेवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ओळखल्या गेलेल्या परीक्षकाची भेट धरत नाहीत," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"म्हणजे कालची गेली. तुझं ते परस्पर जाणं मी सध्या बाजूला ठेवते."

"जूनचीही जाते. आणि बाकीच्या तेराही."

"मग चौदांना गेल्या वर्षीचे गुण. त्याने काय होतं ते काढलंस?"

मी काढलं होतं. ल्युदिव्हिन गोने यांची तीन पातेली राहत होती. या वर्षी खाली आलेले आणखी तिघं वर जात होते. सहा जणांना काही फरक पडत नव्हता. आणि चार जण वर चढले होते, ते परत खाली येत होते. त्यांतलं एक गियोतिएर भागातलं, ओझ्ये नावाच्या दोघा भावांचं. त्यांना पहिल्यांदाच एक पातेलं मिळालं होतं. पहिल्यांदा मिळणाऱ्यांना आम्ही जुलैतच कळवतो, दाराला लावायची तांब्याची पट्टी करून घेता यावी म्हणून.

"त्यांना पत्र तू लिहायचंस," मादाम पेराशों म्हणाल्या. "माझी सही घे. कारण लिहायचं नाही."

"त्यांनी ते कमावलेलं असेल तर?"

"असेल. तुला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. मुद्दा तोच होता.

त्यांनी मस्यू थेव्हने यांच्या हस्ताक्षरातलं ते पान पुन्हा उचललं आणि वाचलं. मांडीच्या तुकड्याशी त्या थांबल्या. "मी त्याला कितीदा घरी जेवायला बोलावलं," त्या म्हणाल्या. "दर वेळी म्हणायचा, मारिनेत येणार असेल तरच. मला वाटायचं, काय प्रेम आहे." पान त्यांनी मला परत दिलं नाही. खणात ठेवलं. साडेअकराला मी चौदा आकडे बदलले, एकेक करून, प्रत्येक वेळी दुसऱ्यांदा तपासून. पावणेबाराला पुस्तक गेलं.

शनिवारी दुपारी मी घरी ओझ्ये बंधूंचं पत्र लिहीत होते. "आम्हाला कळवण्यास खेद होतो" याच्यापुढे काही जात नव्हतं. तेवढ्यात मस्यू थेव्हने यांचा फोन आला. यापुढे भेटी नाहीत, हे मादाम पेराशोंनी त्यांना शुक्रवारीच घरी जाऊन सांगितलं होतं.

"मारिनेत कोट घालून दाराशी बसली आहे," ते म्हणाले. "शनिवार आहे ना. आमची शनिवारी कुठेतरी भेट असायची. मी म्हटलं, आज घरी जेवू. ती म्हणते, मग टॅक्सी कधी येणार?"

"काय करणार आहात?"

"जातो म्हणतो. साधं गिऱ्हाईक म्हणून. पण जागा मी कधी निवडलेली नाही, पोरी, मला कचेरीतून यादी यायची. तू सांग एखादी. तुझ्याकडे सगळ्या आहेत."

माझ्यासमोर एकशे बारा नावं होती. वरची नऊ बघितली. त्यांतल्या सहांना तीन पातेली मारिनेतबाईंच्याच जिभेने दिली होती, ती चांगली असताना. तिथे आज टेबल मिळणारही नव्हतं. मग माझं लक्ष हाताखालच्या पत्राकडे गेलं.

"गियोतिएरमध्ये ओझ्ये म्हणून दोघे भाऊ आहेत," मी म्हणाले.

"आम्ही गेलोय तिथे. मार्चमध्ये. तिने खूप कौतुक केलं होतं."

"कशाचं?"

"आठवत नाही. अहवालात असेल."

अहवाल मला जवळजवळ पाठ होता. त्यात ईल माशाच्या रश्श्याचं कौतुक होतं. ओझ्ये बंधू ईल करतात की नाही, मला माहीत नव्हतं.

"तिथेच जा," मी म्हणाले. "आणि ताट आलं की लगेच मारिनेतबाईंना विचारा. थांबू नका. तिथल्या तिथे लिहून घ्या आणि मला सांगा."

"कशाला? आता ते कुणी धरणार नाही."

"धरणार नाही," मी म्हणाले. "तरी सांगा."

पलीकडे मारिनेतबाई विचारत होत्या की फोनवर कोण आहे आणि टॅक्सी अजून का आली नाही. मस्यू थेव्हने यांनी माझ्याकडून पत्ता लिहून घेतला, घराचा क्रमांक दोनदा विचारला, आणि फोन ठेवला.